भिंग बदलण्याआधी डोळ्यांचा ओलावा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरात दोनच गोष्टींची चर्चा होते: भिंग कोणते बसवायचे आणि विम्यातून किती सुटेल. भारतीय की परदेशी, मोनोफोकल (एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारे) की मल्टिफोकल (जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवणारे), यावर पंचवटीतल्या जुन्या शेजाऱ्यांपासून अमेरिकेतल्या भाच्यापर्यंत सगळ्यांची ठाम मते असतात. त्या भिंगाची शक्ती कोणत्या मोजणीवरून ठरते आणि ती मोजणी ज्या पृष्ठभागावर होते तोच कोरडा असेल तर काय होते, याबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. यंदा माझ्या उजव्या डोळ्याचे भिंग बदलले आणि त्याआधी डोळ्यांच्या कोरडेपणावर उपचार करण्यासाठी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलावी लागली. ते आठवडे फुकट गेले असे नात्यातल्या बऱ्याच जणांना वाटले. माझ्या मते खरी शस्त्रक्रिया तेव्हाच सुरू झाली होती, आणि असे का वाटते तेच येथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, निवृत्त गणित शिक्षिका आहे, त्यामुळे औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द अर्थातच ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा.

डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत आधी वळतो तो अश्रूंच्या थरावर. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्याच्यावर हा थर पसरलेला असतो आणि त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असते. डायॉप्टर हे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक; डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी दोन तृतीयांश वाटा या पुढच्या पृष्ठभागाचा असतो. शस्त्रक्रियेआधी केली जाणारी बायोमेट्री मुख्यतः दोन गोष्टी मोजते, डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता. वक्रता मोजणारे यंत्र कॉर्नियावर प्रकाशाचे ठिपके किंवा वर्तुळे टाकते आणि त्यांचे प्रतिबिंब टिपते. हे प्रतिबिंब उमटते अश्रूंच्या थरावर. थर सलग असला तर वर्तुळे स्वच्छ गोल दिसतात, थर जागोजागी फाटलेला असला तर वर्तुळांच्या कडा दातेरी होतात, आणि यंत्र मात्र तितक्याच आत्मविश्वासाने आकडे छापून देते.

माझ्या फाइलमध्ये एकाच डोळ्याचे असे दोन कागद आहेत. उपचारांआधीच्या कागदावर वक्रतेचे आकडे ४३.५० आणि ४५.२५ आहेत, उपचारांनंतरच्या कागदावर ४३.५० आणि ४४.२५. पहिल्या कागदावर विश्वास ठेवला तर डोळ्यात पावणेदोन डायॉप्टरचा आडवा-उभा फरक आहे, म्हणजे दंडगोल नंबर आहे, आणि त्यासाठी टोरिक नावाचे महाग भिंग विशिष्ट अंशात फिरवून बसवावे लागेल. दुसऱ्या कागदाप्रमाणे हा फरक जेमतेम पाऊण डायॉप्टर आहे आणि साधे भिंग पुरते. पहिल्या मोजणीतला एक डायॉप्टर डोळ्यात नव्हताच. तो कोरडेपणाने तयार केलेला होता.

भिंगाच्या शक्तीचे गणित मी सवयीने हाताने करून पाहिले. १९८० च्या सुमारास सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तीन डॉक्टरांनी एक अगदी सोपे सूत्र मांडले होते. भिंगाच्या जातीनुसार ठरणारा एक स्थिरांक घ्यायचा, त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीच पट आणि सरासरी वक्रतेची ०.९ पट वजा करायची, की भिंगाची शक्ती मिळते. आता कोणी ते वापरत नाही, नवी सूत्रे पुष्कळ अचूक आहेत. पण चूक कशी झिरपते हे समजायला ते पुरेसे आहे. स्थिरांक ११८.४ आणि लांबी २३.३ मिलिमीटर धरली, तर पहिल्या कागदाच्या सरासरीने उत्तर २०.२१ येते आणि दुसऱ्याच्या सरासरीने २०.६६. भिंगे साधारणपणे अर्ध्या-अर्ध्या डायॉप्टरच्या टप्प्यांनी मिळतात, म्हणजे कपाटातली डबीच बदलली. चष्म्याचा नंबर चुकला तर काच बदलता येते. डोळ्यात बसवलेले भिंग पुन्हा काढणे शक्य असले तरी त्या वाटेला कोणी हौसेने जात नाही.

कोरडे डोळे म्हटले की चुरचुर, वाळू गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळी येणारी लाली डोळ्यांसमोर येते. पण माझी तक्रार नेमकी उलट होती. दुचाकीवर बसले की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचे. “एवढं पाणी येतंय आणि डोळे कोरडे कसे, वहिनी?” असे माझी नणंद अजूनही विचारते. त्याचे उत्तर असे की पृष्ठभाग कोरडा पडून टोचू लागला की अश्रुग्रंथी घाईघाईने पाण्याचा लोंढा सोडते, पण त्या पाण्यात टिकून राहण्यासाठी लागणारा तेलाचा अंश नसल्यामुळे ते गालावर ओघळते आणि बुबुळ पुन्हा कोरडेच राहते. मधुमेहात तर कॉर्नियाची संवेदनाच कमी झालेली असू शकते, तेव्हा कोरडेपणा बराच असूनही काही टोचत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १३६ जणांची तपासणी केली होती. त्यांच्यापैकी ६० टक्क्यांहून अधिक डोळ्यांतला अश्रूंचा थर पाच सेकंदांच्या आत फाटत होता, आणि त्या १३६ जणांत कोरड्या डोळ्यांचे निदान आधी झालेले लोक एक चतुर्थांशाहूनही कमी होते. तक्रार नाही म्हणजे कोरडेपणा नाही, असे समजून चालत नाही.

घरच्या घरी एक अंदाज मात्र घेता येतो. वाचताना अक्षरे पुसट झाली आणि दोन-तीनदा पापण्या मिटून उघडल्यावर ती काही क्षण स्पष्ट दिसली, तर त्या पुसटपणात अश्रूंचा हात आहे, कारण मोतीबिंदूचा धुरकटपणा पापणी मिटल्याने कमी होत नाही.

तपासण्यांचा क्रम हा मला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटला. बायोमेट्री सगळ्यांच्या आधी व्हायला हवी, डोळ्याला काहीही लावण्यापूर्वी. दाब मोजण्यासाठी बधिर करणारा थेंब टाकला, रंगाची पट्टी लावली, किंवा अगदी ओलाव्याचा थेंब नुकताच घातलेला असला, तरी वक्रतेचे आकडे बदलतात. त्यामुळे मोजणीच्या दिवशी तपासणीला बसण्याआधी थेंब घालायचे की नाही, हे रुग्णाने स्वतः विचारून घ्यावे. मोजणीनंतर मग नारिंगी रंगाची पट्टी पापणीच्या आत टेकवतात, निळा प्रकाश टाकतात, आणि हिरवा चमकणारा थर किती सेकंदांनी फाटतो ते पाहतात. दहा सेकंदांपेक्षा कमी म्हणजे थर अस्थिर. माझा चार-पाच सेकंदांतच फाटत होता. नंतर शिर्मर चाचणी झाली. ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही जवळजवळ तशीच करतात. मिलिमीटरच्या खुणा छापलेली टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटे बसायचे. “काकू, डोळे मिटा, पण दाबू नका,” असे सांगून तपासणारी मुलगी निघून गेली, आणि दोन्ही डोळ्यांतून लोंबणाऱ्या पट्ट्या घेऊन मी प्रतीक्षागृहाच्या आवाजाकडे कान देत बसले. पट्टी दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घ्यावी आणि पाच किंवा कमी भिजली तर कोरडेपणा तीव्र समजावा, असा सर्वसाधारण मापदंड आहे. माझी अकरापर्यंत भिजली. म्हणजे पाणी पुरेसे होते, कमी होते ते तेल.

हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा पंचवीस ते चाळीस ग्रंथी असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. पापणी मिटताना त्यांच्यावर हलका दाब येतो, तेल बाहेर पडते आणि पाण्यावर पसरून त्याची वाफ होण्याचे प्रमाण कमी करते. वय वाढले, पापण्यांच्या कडांना जुनी सूज असली किंवा आपण तासन् तास मोबाइलकडे पाहत पापण्या अर्धवटच मिटत राहिलो, की हे तेल दाट होऊन तोंडाशीच बसते. डॉक्टरांनी माझी पापणी काडीने हळूच दाबली तेव्हा आलेला ऐवज डिसेंबरातल्या बाटलीतल्या खोबरेल तेलासारखा पांढरट आणि घट्ट होता. उपायही तोच, ऊब.

शेक देणे ऐकायला सोपे वाटते, पण बहुतेक जण तो नुसता उरकतात. ओला रुमाल गरम पाण्यातून काढून डोळ्यांवर ठेवला की दोनेक मिनिटांत कोमट होतो आणि घट्ट झालेले तेल वितळण्याएवढी उष्णता आतपर्यंत पोचतच नाही. पापणीवर सुमारे ४० अंश सेल्सियस तापमान आठ-दहा मिनिटे टिकायला हवे. मी थर्मासमध्ये गरम पाणी, दोन सुती रुमाल आणि शेजारी घड्याळ अशी व्यवस्था केली होती. एक रुमाल डोळ्यांवर असताना दुसरा पाण्यात, आणि दर वेळी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचे, कारण पापणीची कातडी फार पातळ असते. बाजारात गरम करून वापरायचे दाण्यांचे मास्कही मिळतात आणि ते अधिक सोयीचे आहेत. शेक झाल्यावर मिटलेल्या वरच्या पापणीवरून बोट खाली आणि खालच्या पापणीवरून वर, म्हणजे दोन्हीकडून पापण्यांच्या कडेकडे, हलक्या दाबाने फिरवायचे. बुबुळावर दाब द्यायचा नाही. नंतर पापण्यांच्या मुळाशी जमलेला कोंडा आणि खपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या पुसण्यांनी काढायच्या. ही शेवटची पायरी मोजणीसाठी उपयोगी आहेच, शिवाय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला सर्वांत गंभीर धोका म्हणजे डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग, आणि त्याचे जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरचे असतात. त्यामुळे सुजलेल्या, मळलेल्या पापण्या घेऊन कोणताही विचारी डॉक्टर शस्त्रक्रियेला हात घालत नाही.

थेंबांच्या बाबतीत नावापेक्षा घटक वाचावेत. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि सोडियम हायालुरोनेट हे नेहमीचे दोन घटक. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले घ्यावेत, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे सर्रास वापरले जाणारे प्रिझर्वेटिव्ह पुन्हा पुन्हा पडत राहिले तर पृष्ठभागाला स्वतःच इजा करते. रात्री जेल घालावे; त्याने थोडा वेळ अंधुक दिसते, म्हणून झोपतानाच. एका वेळी एकच थेंब पुरतो. दोन निरनिराळी औषधे असतील तर मध्ये पाच ते दहा मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन नेते. लाली घालवणारे म्हणून मिळणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, ओलावा देत नाहीत, ते या कामाचे नव्हेत. आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणणे तर सर्वांत वाईट. डॉक्टर सूज उतरवण्यासाठी थोड्या दिवसांकरिता सौम्य स्टेरॉइड देतात, त्यांनी मलाही दिले, पण तेच देखरेखीशिवाय चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

ज्यांच्या पृष्ठभागावरची सूज जुनी असते त्यांना सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि त्यांचा गुण दिसायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात, त्यामुळे आठवड्याभरात काही झाले नाही म्हणून बाटली टाकून देऊ नये. ज्यांचे पाणीच कमी असते त्यांच्यासाठी अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रात बारीक बूच बसवण्याचा उपाय असतो. तो माझ्यावर करावा लागला नाही. ओमेगा-३ च्या गोळ्यांबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रीम नावाच्या मोठ्या चाचणीत रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही. जवसाची चटणी आवडत असेल तर ती चवीसाठी खावी.

आपण दुसऱ्याच कारणासाठी घेत असलेली औषधेही डोळे कोरडे करतात, हे तपासणीत विचारले नाही तरी सांगावे. सर्दी-शिंकांसाठीची सेटिरिझिनसारखी औषधे, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, काचबिंदूचे प्रिझर्वेटिव्ह असलेले थेंब, ही यादी बरीच लांबते. यांतले काही स्वतःहून बंद करायचे नसते. फक्त सांगायचे असते. तोंडही सतत कोरडे पडत असेल किंवा सांधे दुखत असतील, तर शोग्रेन किंवा आमवातासारख्या आजाराचा तपास आधी व्हावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या मोजणीच्या बऱ्याच आधीपासून बंद ठेवायच्या असतात, कडक लेन्स असतील तर अधिकच काळ, कारण त्यांनी कॉर्नियाचा आकारच तात्पुरता बदललेला असतो. आणि जाता जाता पुरुष वाचकांसाठी: प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगाच. त्याचा कोरडेपणाशी संबंध नाही, पण शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही.

नाशिकची हवा आपण कौतुकाने सांगतो, पण कोरड्या डोळ्यांना हिवाळा आणि उन्हाळा हे दोन्ही ऋतू जड जातात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा वर्तमानपत्रात गाजतो तेव्हा हवेतली आर्द्रताही घसरलेली असते, आणि एप्रिलमध्ये चाळिशीच्या आसपासच्या उन्हात रात्रभर पंखा थेट तोंडावर घेऊन आपण झोपतो. त्यात सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी ठिकठिकाणी चाललेल्या कामांची धूळ आहे. माझ्या मोठ्या दिरांचा दिंडोरीला द्राक्षबाग आहे. भुरी या द्राक्षांवरच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी चालू असताना मी त्या दिवसांत बागेकडे फिरकले नाही, आणि बागेत रोज काम करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे असे मला वाटते, कारण गंधक डोळ्यांना फार झोंबते. बाकी बदल साधेच होते: पंख्याची दिशा पायांकडे, दुचाकीवर बाजूंनी बंद असलेला चष्मा, देवघरातली उदबत्ती खिडकीजवळ, काजळ बंद, आणि मोबाइल डोळ्यांच्या पातळीच्या खाली, म्हणजे पापण्या थोड्या झुकलेल्या राहतात आणि उघडा पृष्ठभाग कमी होतो. पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकते, म्हणून अधूनमधून मुद्दाम पूर्ण पापणी मिटायची.

या काळात गुलाबजल, मध, एरंडेल, गाईचे तूप असे सगळे सल्ले मिळाले, आणि ते देणाऱ्यांचा जिव्हाळा खरा होता. पण निर्जंतुक नसलेली कोणतीही वस्तू शस्त्रक्रियेच्या तोंडावर डोळ्यात घालणे मला पटले नाही. वन्सं थोड्या नाराज झाल्या. तूप मी पोळीला लावले.

भिंगाच्या निवडीवरही कोरडेपणाचा परिणाम होतो, आणि येथे थोडे परखडपणे लिहिते. आधी मी ज्या रुग्णालयात गेले होते तेथे पहिल्याच भेटीत, पापण्यांकडे कोणी नीट पाहण्याआधी, समुपदेशकाने भिंगांच्या दरांचे रंगीत पत्रक समोर ठेवले आणि मल्टिफोकल कसे चष्म्यापासून कायमची सुटका करते ते सांगितले. मल्टिफोकल भिंग येणारा प्रकाश जवळच्या आणि दूरच्या दृष्टीसाठी विभागते, त्यामुळे चित्राचा ठळकपणा थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. अश्रूंचा थर अस्थिर असेल तर त्या उणिवेत आणखी भर पडते. माझ्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितले आणि मी साधे मोनोफोकल घेतले. वाचायला चष्मा लागतो आणि त्याचे मला काही वाटत नाही. ज्यांना मोतीबिंदू नाही पण केवळ मोठ्या नंबरचा चष्मा जावा म्हणून नैसर्गिक भिंग बदलायचे आहे, त्यांनी तर कोरडेपणाची तपासणी अधिकच काटेकोरपणे करून घ्यावी, कारण त्यांची सारी अपेक्षाच नंबर अचूक येण्यावर उभी असते आणि त्यांना घाई करण्याचे कारणही नसते.

थांबणे प्रत्येकाला परवडत नाही, हेही खरे. मोतीबिंदू पूर्ण पिकून भिंग फुगले असेल, डोळ्यातला दाब वाढू लागला असेल किंवा डोळा दुखत असेल, तर कोरडेपणाचे निमित्त करून दिवस काढू नयेत. नेहमीच्या मोतीबिंदूत मात्र दोन ते चार आठवडे उपचार करून पुन्हा मोजणी करणे आणि दोन मोजण्यांचे आकडे जुळले की तारीख घेणे, हा रिवाज बरेच डॉक्टर पाळतात. आपल्या दोन्ही मोजण्यांच्या प्रती मागून घ्याव्यात; त्या देताना कोणी कुरकुर केली तरी मागाव्यात.

शस्त्रक्रियेने कोरडेपणा जात नाही, उलट काही काळ वाढतो. छेद अडीच मिलिमीटरच्या आसपासचा असला तरी त्यात कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, जंतुनाशक द्रावण आणि सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश यांचा ताण पडतो, आणि नंतरच्या प्रतिजैविक व स्टेरॉइड थेंबांतही बऱ्याचदा प्रिझर्वेटिव्ह असते. पहिल्या काही आठवड्यांत खुपणे आणि मधूनच अंधुक दिसणे हे बहुतांश वेळा याचेच फळ असते आणि साधारण तीन महिन्यांत ते ओसरते. दुखणे, झपाट्याने वाढणारी लाली किंवा दृष्टी एकाएकी कमी होणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. माझ्या बाबतीत शेक आणि ओलाव्याचे थेंब शस्त्रक्रियेनंतरही चालू आहेत. शेक मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पुन्हा सुरू केला, कारण ताज्या जखमेवर दाब चालत नाही. डाव्या डोळ्याची जुनी मोजणी त्यांनी बाद ठरवली आहे. दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर ओसरला की पापण्या पुन्हा तपासून ती नव्याने होईल, आणि त्या सकाळी डोळ्यात एकही थेंब न घालता यायला सांगितले आहे.